छातीतील जळजळ : एका दुखण्याच्या ओळखीचा इतिहास



व्याख्यानमालेच्या व्यासपीठावर कामगार संघटनेचा माणूस उभा राहिला की बोनस, महागाई भत्ता नाहीतर संप ह्यांपैकी एखादा विषय निघणार असे श्रोते गृहीत धरतात. आज आम्ही पोटाविषयी बोलणार आहोत. तेही पोटापाण्याच्या अर्थाने नव्हे, तर खरोखरीच्या पोटाविषयी. आम्ही वैद्य नाही आणि डॉक्टरही नाही. शाळा लवकर सुटली, पुढचे शिक्षण नगर वाचनालयाच्या बाकावर झाले. परंतु कामगारांत वावरताना पगाराच्या खालोखाल जी तक्रार आम्ही ऐकली ती अशी : "छातीत जळजळतंय, घशाशी आंबट येतंय." इतक्या साध्या दुखण्याचे खरे कारण माणसाला फार उशिरा, म्हणजे विसाव्या शतकाच्या मध्यास, उमगले. ते कसे उमगले आणि त्याआधी काय काय समजूत होती, हे सांगावे असे मनात आले.

प्रथम आपल्या भाषेपासूनच सुरुवात करू. मराठीत 'पित्त' हा शब्द फार राबवलेला शब्द आहे. अंगावर गांधी उठल्या की पित्त, अर्धे डोके दुखून उलटी झाली की पित्त, यकृतातून येणारा कडू हिरवा-पिवळा रस तेही पित्त, आणि छातीत जळजळले तरी पित्तच! चार निरनिराळ्या दुखण्यांना एकच नाव दिले की औषधही एकच शोधले जाते. गांधींवर आमसूल चोळणारी आजी घशाशी आंबट आले तरी आमसुलाचे पाणीच देते. आंबट वर चढते आहे आणि त्यावर आणखी आंबटच! आजीचा दोष नाही. दोष असलाच तर त्या एका शब्दाचा आहे. घशाशी येते ते जठरातील आम्ल. यकृतातील पित्ताचा त्यात काही वेळा अंश असतो, पण मुख्य कारभार आम्लाचा.

आपल्या जुन्या वैद्यांनी मात्र ह्या व्याधीला 'अम्लपित्त' असे जोडनाव देऊन थोडी वाट मोकळी केली. चरकसंहितेत त्यावर स्वतंत्र अध्याय नाही. काश्यपसंहितेत वेगळे वर्णन येते, आणि सुमारे सातव्या-आठव्या शतकातील माधवकराच्या निदानग्रंथात त्याला स्वतःचे प्रकरण मिळाले. अन्न न पचणे, कष्ट न करता थकवा, मळमळ, कडू-आंबट ढेकर, अंग जड होणे, छातीत व घशात आग, तोंडाला चव नसणे ही लक्षणे तेथे दिली आहेत. आजच्या दवाखान्यातील केसपेपरावर ह्याहून फारसे निराळे लिहिले जात नाही. त्याहून महत्त्वाची गोष्ट म्हणजे ह्या व्याधीचे त्यांनी दोन भाग केले : वर जाणारे आणि खाली जाणारे. हाती नळी नाही, यंत्र नाही, तरी दिशा त्यांनी नोंदून ठेवली. पुढे हजार वर्षांनी पश्चिमेच्या डॉक्टरांची जी चूक झाली ती दिशेचीच.

ग्रीक वैद्यांनी तर नावातच घोटाळा करून ठेवला. जठराचे वरचे तोंड हृदयाच्या अगदी खाली असते, म्हणून त्यांनी दोहोंना एकच शब्द वापरला. त्याची आठवण म्हणून जठराच्या वरच्या तोंडाला डॉक्टर लोक अजून 'कार्डिया' म्हणतात, आणि इंग्रजीत ह्या जळजळीला 'हार्टबर्न' म्हणतात. हृदयाचा काही संबंध नसताना हृदयाचे नाव! हा नुसता शब्दांचा खेळ नाही. ह्या घोटाळ्याकडे आम्हांला पुन्हा यावयाचे आहे.

जठरात आम्ल असते ही गोष्ट अनुभवाने सर्वांना ठाऊक होती. ते कोणते आम्ल हे 1823 साली लंडनच्या विल्यम प्राउट ह्याने दाखविले. ते हायड्रोक्लोरिक आम्ल निघाले, फरशी घासायला आपण जे वापरतो त्याच जातीचे. एवढे जहाल द्रव्य जिवंत माणसाच्या पोटात असते ह्यावर पुष्कळांचा विश्वास बसेना. तो बसविला एका मजुराने, आणि तोही स्वतःच्या इच्छेने नव्हे. त्याची हकीकत थोडी विस्ताराने सांगतो, कारण वैद्यकाच्या इतिहासात डॉक्टरांची नावे ठळक छापतात आणि मजुरांची तळटीपेत.

अलेक्सी सेंट मार्टिन हा फ्रेंच बोलणारा कॅनडियन. कातड्यांचे गठ्ठे होड्यांतून वाहणाऱ्या नावाडी-हमालांपैकी एक. 1822 सालच्या जूनची 6 तारीख. ह्युरॉन सरोवरातील मॅकिनॅक बेटावर अमेरिकन फर कंपनीच्या दुकानात गर्दी होती आणि कोणाची तरी छऱ्यांची बंदूक चुकून उडाली. सेंट मार्टिन हातभर अंतरावर उभा होता. डाव्या बरगड्यांखाली मोठी जखम झाली आणि जठराला भोक पडले. लष्करी सर्जन विल्यम ब्यूमाँट ह्यांनी उपचार केले. माणूस वाचणार नाही असे सर्वांना वाटले, पण तो वाचला. भोक मात्र कधी बुजले नाही. जखमेच्या कडा जठराशी जुळून बाहेरून आत पाहता येईल अशी एक खिडकीच तयार झाली. गावच्या अधिकाऱ्यांनी ह्या निराधाराचा खर्च नाकारला तेव्हा ब्यूमाँटने त्याला आपल्या घरी नेले. तेथे तो बरा होता होता घरकाम करू लागला, लाकडे फोडू लागला.

1825 साली प्रयोग सुरू झाले. मांसाचे, पावाचे, कोबीचे तुकडे रेशमी दोऱ्याला बांधून त्या भोकातून जठरात सोडावयाचे आणि तासातासाने ओढून पाहावयाचे. जठरातला रस काढून कुपीत भरावयाचा, शरीराइतकी ऊब द्यावयाची, त्यात मांस टाकावयाचे. ते बाहेरही विरघळे! जठर म्हणजे जाते नव्हे आणि आंबोणाचे मडकेही नव्हे, तेथे रसायनाचे काम चालते, हे कोणाही जाणत्याने मान्य करावे असे सिद्ध झाले. ह्या खटाटोपात सेंट मार्टिनला वेदना होत, तो चिडे, आणि एकदोनदा कॅनडात निघूनही गेला. बायकामुलांसह पुन्हा आला तो गरजेपोटी. 1832 साली रीतसर करार झाला. वर्षाला 150 डॉलर, जेवणखाण आणि राहणे. आम्ही आजवर पुष्कळ करारांवर सह्या केल्या आहेत, मालकांच्या वकिलांशी एकेका स्वल्पविरामावरून भांडलो आहोत, पण पोटाचे भोक भाड्याने दिल्याचा करार आमच्या पाहण्यात हा एकच. देणारा निरक्षर होता हे वेगळे सांगावयास नको.

1833 साली ब्यूमाँटचे पुस्तक निघाले. त्यात 238 प्रयोग आहेत. एक निरीक्षण आमच्या विशेष ध्यानात राहिले. सेंट मार्टिन रागावला किंवा घाबरला म्हणजे जठराच्या अस्तराचा रंग पालटे, कधी ते लाल व कोरडे होई, आणि पचन मंदावे. रागाने रागावणाऱ्याचेच जठर लाल होते, समोरच्याचे नाही. वाटाघाटींना बसताना हे आम्ही आमच्या तरुण कार्यकर्त्यांना सांगतो. ते ऐकत नाहीत ते सोडा.

ब्यूमाँट 1853 साली वारला. सेंट मार्टिन ते भोक घेऊन आणखी सत्तावीस वर्षे जगला आणि 1880 साली कॅनडातील क्वेबेक प्रांतात वारला. डॉक्टर मंडळींना त्याचे जठर हवे होते. घरच्यांनी प्रेत मुद्दाम काही दिवस उन्हाळ्याच्या उष्म्यात ठेवले, म्हणजे कोणाला ते उपयोगी पडू नये, आणि मग आठ फूट खोल पुरले. कुटुंबाचे आम्हांला काही चुकले असे वाटत नाही.

असो. आम्लाचे जहालपण कळले, तेव्हा जळजळीचे उत्तर सोपे वाटू लागले. आम्ल जास्त झाले, म्हणून जळते. आम्ल मारा, म्हणजे जळणार नाही. ह्या एका तर्कावर शंभर वर्षे निघाली. क्षारांच्या पुड्या आल्या. 1873 साली अमेरिकेत फिलिप्सने मॅग्नेशियाचे 'दूध' बाजारात आणले. 1915 साली शिकागोच्या बर्ट्राम सिपी ह्यांनी जठरव्रणाच्या रोग्यांसाठी आहार सांगितला : तासातासाला दूध आणि साय, मधून मधून क्षार. जगभर लाखो रोग्यांनी तो पाळला. पुढे 1923 साली दूध आणि क्षार अतोनात घेतल्याने रोगी विषबाधा झाल्यासारखे आजारी पडतात हेही नोंदले गेले. गार दुधाने घटकाभर थंडावा वाटतो हे खरे आहे, पण दूध जठराला पुन्हा आम्ल सोडावयास लावते हेही तितकेच खरे. आपल्याकडे अजून निम्मी घरे रात्री 'पित्तावर' दूध पितात आणि लगेच आडवी होतात. आडवे होण्याने काय होते ते पुढे येईलच.

मधल्या काळात खऱ्या कारणाच्या जवळून माणसे जाऊन आली. 1879 साली हाइनरिख क्विंके ह्या जर्मन वैद्याने अन्ननलिकेत, म्हणजे घशापासून जठरापर्यंतच्या नळीत, जठररसाने झालेले व्रण वर्णिले. कोणी फारसे मनावर घेतले नाही. 1935 साली न्यूयॉर्कच्या आशर विंकेलस्टाइन ह्यांनी अन्ननलिकेचा दाह हे स्वतंत्र दुखणे आहे आणि ते बहुधा खालून वर येणाऱ्या आम्लाने होते असे मांडले. लंडनचे सर्जन नॉर्मन बॅरेट ह्यांनी 1950 साली निराळेच प्रतिपादन केले. आम्लाने भाजलेल्या काही लोकांच्या अन्ननलिकेत जठरासारखे अस्तर दिसते, तेव्हा ती अन्ननलिका नव्हेच, ते वर ओढले गेलेले जठर आहे, असे ते म्हणत. लीड्सचे फिलिप ॲलिसन व जॉनस्टन ह्यांनी 1953 साली दाखविले की ती अन्ननलिकाच आहे, फक्त तिचे अस्तर पालटले आहे. बॅरेट ह्यांनी 1957 साली आपली चूक मान्य केली. गंमत अशी की त्या विकाराला आज बॅरेटचेच नाव आहे! पुढे कधी कधी तेथे कर्करोग उद्भवतो, म्हणून त्या पालटलेल्या अस्तरावर डॉक्टर नजर ठेवतात.

अस्तराचे भांडण मिटले, पण दाराचे कोडे राहिले. अन्न खाली जाते आणि वर येत नाही, तर मध्ये दार असले पाहिजे. सर्जनांनी प्रेते चिरून पाहिली, पण निराळा, जाड असा स्नायू काही सापडेना. 1956 साली अमेरिकेतील मेयो क्लिनिकमध्ये फाइक, कोड व श्लेगेल ह्यांनी जिवंत माणसाच्या अन्ननलिकेत बारीक नळ्या सोडून दाब मोजला. तळाशी तीन-चार सेंटिमीटरचा पट्टा असा निघाला की तेथे दाब नेहमी चढा असतो, घास आला की उतरतो आणि घास गेला की पुन्हा चढतो. सुरीला न दिसलेले दार दाबाला दिसले. छाती व पोट ह्यांमधला श्वासपटलाचा पडदा त्याला बाहेरून आवळून धरतो. पडद्याचे छिद्र सैल होऊन जठराचा वरचा भाग छातीत सरकला म्हणजे ही जोडी फुटते.

1980 नंतर ऑस्ट्रेलियाचे जॉन डेंट व त्यांच्या सहकाऱ्यांनी आणखी एक बारकावा दाखविला. बहुतेकांचे दार मोडलेले नसतेच. ते घास नसताना मधूनच काही सेकंद उघडते. पोट तुडुंब भरून फुगले म्हणजे जास्त वेळा उघडते. हे सर्वांनाच होते. फरक किती वेळा, किती आम्ल वर येते आणि ते किती वेळ तेथे राहते ह्याचा. कारखान्याच्या भाषेत सांगावयाचे तर माल जास्त झालेला नाही, फाटकावरचा पहारेकरी अवेळी फाटक उघडतो. बहुतेक रोग्यांचे आम्ल इतरांइतकेच असते. ते चुकीच्या जागी जाते, एवढेच. जठराला स्वतःचे चिकट, क्षारयुक्त कवच असते. अन्ननलिकेला तसे नाही, म्हणून ती भाजते.

हे समजले म्हणजे लक्षणे आपोआप उलगडतात. जेवणानंतर, वाकल्यावर किंवा आडवे झाल्यावर वाढणारी, छातीच्या हाडामागून घशाकडे चढणारी जळजळ. तोंडात आंबट-कडू पाणी. ही दोन उघड लक्षणे झाली. पण आम्ल कधी कधी चोरपावलांनीही वर येते. सकाळी बसलेला आवाज, महिनोन्‌महिने न जाणारा कोरडा खोकला, घशात गोळा असल्याची भावना, आतल्या बाजूने झिजणारे दात, रात्री अचानक ठसका लागून जाग येणे, ह्यांच्या मागे ते असू शकते. घास अडकू लागला, वजन विनाकारण उतरले, उलटीत रक्त दिसले, शौचास डांबरासारखे काळे झाले किंवा अंगातले रक्त कमी झाले, तर मात्र पुड्या चघळत बसू नये. तेथे दुर्बिणीची तपासणी लागते.

आता तो हृदयाचा घोटाळा. काही वर्षांपूर्वी आमच्या संघटनेतील एक ज्येष्ठ सहकारी, यंत्रमागावरचे जॉबर, मजुरीवाढीच्या बोलण्यांसाठी आमच्याबरोबर मध्यरात्रीपर्यंत बसले होते. बारा-बारा तासांच्या पाळ्या करून आयुष्य गेलेला माणूस. बोलणी संपल्यावर आम्ही सर्वांनी मिसळ खाल्ली. ते म्हणाले, "छातीत जळजळतंय." कपाळावर घाम होता, तो आम्ही उकाड्याचा समजलो. डावा जबडा चोळीत होते, दाढ दुखत असेल म्हणालो. सोडा आम्हीच मागविला. तो प्याल्यावर त्यांना मोठा ढेकर आला, बरे वाटले म्हणाले, आणि आम्ही निर्धास्त होऊन पांगलो. पहाटे त्यांच्या मुलाचा फोन आला. हृदयविकाराचा झटका होता. आम्ही पोहोचेपर्यंत सर्व संपले होते.

तेव्हापासून आम्ही वाचावयास लागलो, आणि आजच्या ह्या व्याख्यानाचे मूळही तेच. हृदयाला रक्त कमी पडले तरी छातीत आग होते, मळमळते, ढेकरही येतात. सोड्याने बरे वाटले म्हणजे हृदय ठीक आहे असा अर्थ होत नाही. दाबल्यासारखे किंवा आवळल्यासारखे दुखणे, घाम, धाप, हात-जबडा-पाठीकडे जाणारी कळ, चालताना किंवा जिना चढताना सुरू होऊन थांबल्यावर ओसरणारे दुखणे, ह्यांपैकी काहीही असेल तर ते पित्त नव्हे असेच धरून दवाखाना गाठावा. बायकांत आणि मधुमेह्यांत तर लक्षणे आणखी अस्पष्ट असतात.

कारणांपैकी काही माणसाच्या हाती असतात आणि काही नसतात. पोटाची चरबी वाढली की जठरावर दाब येतो. गरोदरपणात तेच होते, शिवाय शरीरातील बदलांनी दार सैलावते. विडी-सिगारेट, दारू आणि तळकट जेवण दार सैल करतात. रक्तदाबाची, दम्याची व हृदयाची काही औषधेही करतात. ती आपल्या मनाने थांबवू नयेत, डॉक्टरांना विचारावे. मिरची, चहा, आंबट ह्यांचे ज्याचे त्याला ठाऊक, सर्वांना एक नियम नाही. पण मोठे जेवण उशिरा जेवून लगेच आडवे होणे हे मात्र बहुतेकांना बाधते. झोपेत लाळ जवळजवळ थांबते, घोट गिळले जात नाहीत आणि वर आलेले आम्ल तासन्‌तास तेथेच राहते.

आणि येथे आमचा जुना विषय आलाच! जेवणाची वेळ माणूस नेहमी स्वतः ठरवीत नाही. 1884 साली नारायण मेघाजी लोखंडे ह्यांनी मुंबईच्या गिरणी कामगारांच्या सभा घेतल्या आणि साडेपाच हजार कामगारांच्या सह्यांचा अर्ज तयार केला. त्यात रविवारच्या सुट्टीबरोबर दुपारी अर्ध्या तासाच्या सुट्टीची मागणी होती. अर्धा तास, भाकरी खाण्यासाठी! 1890 साली रविवार मिळाला, 1891 च्या कायद्याने दुपारचा अर्धा तास मिळाला. 1948 च्या कारखाना कायद्याने सलग पाच तासांहून अधिक काम विश्रांतीवाचून घेऊ नये, आणि अडीचशेहून अधिक कामगार असतील तेथे उपाहारगृह असावे असे ठरविले. परंतु गिरणगावात दुसरी पाळी मध्यरात्री सुटे. खानावळीतली उसळ-भाकरी खाऊन माणूस गाळ्यावर येई आणि अंथरुणाची पाळी असे म्हणून लगेच पाठ टेकी, कारण पहाटे ती जागा दुसऱ्याची. अशा माणसाला जेवणानंतर तीन तास झोपू नका असे कोणत्या डॉक्टराने सांगावे? आज रखवालदार, टॅक्सीवाले, रुग्णालयातल्या परिचारिका आणि रात्री परदेशी गिऱ्हाइकांचे फोन घेणारी आपली मुले ह्याच चक्रात आहेत.

औषधांची गोष्ट थोडक्यात आटोपतो. 1976 साली जेम्स ब्लॅक ह्यांच्या संशोधनातून निघालेले सिमेटिडीन बाजारात आले आणि 1988 साली त्यांना नोबेल मिळाले. त्याच वर्षी स्वीडनमधून ओमेप्राझोल आले. हे जठरातील आम्लाचे पंपच बंद करते. ते जेवणापूर्वी अर्धा-पाऊण तास घ्यावयाचे असते, कारण पंप चालू होण्याच्या बेतात असताना ते लागू पडते. जेवणानंतर ढेकर येऊ लागले म्हणून घेणाऱ्यांची गोळी बरीचशी वाया जाते. आणि गोळीने आम्ल कमी होते, दार दुरुस्त होत नाही. म्हणून वर्षानुवर्षे आपल्या मनाने दुकानातून घेणे बरे नव्हे. मार्शल व वॉरन ह्यांनी 1982 साली शोधलेला जंतू जठरव्रणाचे मोठे कारण निघाला खरा, पण ह्या जळजळीचे कारण तो नव्हे. दोन्ही दुखण्यांना एकच समजू नये.

बिनखर्चाचे उपाय तेवढे राहिले. उशाकडच्या दोन पायांखाली वीट ठेवून पलंग अर्धा फूट उंच करावा. नुसत्या दोन उशांनी मान वाकते, पोट दबते, उपयोग होत नाही. जमिनीवर झोपणाऱ्यांनी सतरंज्यांच्या घड्या कमरेपासून डोक्याकडे चढत्या ठेवाव्यात. डाव्या कुशीवर झोपावे. त्या कुशीवर जठराचा मोठा फुगवटा खाली राहतो आणि दार वर. कमरेचा पट्टा जेवताना सैल करावा. रात्रपाळीवाल्याने कामावर जाण्यापूर्वी मुख्य जेवण घ्यावे, आणि पहाटे परतल्यावर थोडेसेच खाऊन झोपावे.

आमच्या कचेरीच्या कपाटात सोड्याची पुडी अजून असते. तिच्या वरच्या फळ्यावर खडूने 108 हा रुग्णवाहिकेचा आकडा लिहिलेला आहे. पुसट झाला की कोणीतरी पुन्हा गिरवतो.